बसने आलेलं रक्त

मामाजींचा रिपोर्ट क्लिअर आला तेव्हा त्यांनी आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये संत्राबर्फी वाटली. ‘येथे खाद्यपदार्थ आणू नयेत’ या पाटीच्या बरोबर खाली उभं राहून वाटली आणि डॉक्टर सगदेव सरांनी स्वतः दोन तुकडे उचलले. मग मामाजींनी मला बाजूला बोलावलं, खिशातून पन्नी काढली आणि खर्रा घोटायला सुरुवात केली. सुपारी, तंबाखू, चुना, हा आमच्या विदर्भाचा मेवा. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

“मामाजी, हे काय करून राहिले?”

“रिपोर्ट क्लिअर आहे न बाप्पा,” ते म्हणाले. “तुझ्याच लॅबचा आहे.”

माझे सख्खे मामा गुलाबराव पिदुरकर वणीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना एकच गोष्ट सांगितली, पुरावा पाहा, माणूस पाहू नका. कुठं अंगात आलेली बाई घुमायला लागली की मामाजी समोर जाऊन बसायचे आणि शांतपणे प्रश्न विचारायचे. बाई बिचारी पाचव्या प्रश्नाला शुद्धीवर यायची. असा विज्ञाननिष्ठ माणूस. फक्त खर्ऱ्याच्या बाबतीत पुराव्याची त्यांना घाई नव्हती.

त्यांच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लालसर खरबरीत जागा. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटं कशीबशी जायची. मी त्यांना ओढत दंतरुग्णालयातल्या डॉक्टर काझींकडे नेलं होतं. काझी मॅडम कमी बोलायच्या. त्यांनी टॉर्च मारला, बोटाने चट्टा दाबून पाहिला आणि म्हणाल्या की याचा तुकडा काढून तपासायला हवा, याच आठवड्यात. मामाजींनी मान डोलावली, पायऱ्या उतरले आणि मला म्हणाले की त्याच्याआधी तुझ्या सरांची नवी टेस्ट करून पाहू. चाकू लावायचा नाही, नुसतं रक्त द्यायचं, हेच तर आधुनिक विज्ञान आहे.

तर आमच्या लॅबचं आधुनिक विज्ञान काय होतं ते सांगते. आम्ही छोट्या आरएनएंवर काम करायचो. पेशीत प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन जाणारे लांब आरएनए असतात, हे शाळेत शिकवतात. त्यांच्याशिवाय बावीसेक अक्षरांचे चिमुकले आरएनए असतात, ते कुठलंच प्रथिन बनवत नाहीत. बरीच वर्षं लोकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग कळलं की हे निरोप्याला वाटेत गाठतात, त्याला चिकटतात आणि गप्प करतात. स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याचं होऊ द्यायचं नाही. आमच्या संस्थेच्या ऑफिसात याच स्वभावाची तीन माणसं होती, त्यामुळे मला हा विषय लवकर समजला.

चेष्टा सोडा, पेशीचा सगळा तोल या चिमुकल्यांवर असतो. एखादा कमी पडला की वाढीला लगाम घालणारं कुणी उरत नाही. एखादा फार वाढला की कॅन्सरला रोखणाऱ्या निरोपाचाच गळा आवळला जातो. आणि यातले काही रक्तातही फिरतात. तेव्हा सगळ्या जगाला वाटत होतं की रक्ताच्या थेंबात हे तुकडे मोजायचे आणि रोग ओळखायचा. सगदेव सरांनाही वाटलं, आणि सरांना एखादी गोष्ट वाटली की ती सापडायचीच.

सापडली. वणीच्या एका धर्मादाय रुग्णालयातून तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटचं रक्त यायचं. त्यात एक छोटा आरएनए ढिगाने होता. निरोगी माणसांच्या रक्तात तो नावालाही नव्हता. इतका स्वच्छ फरक मी जन्मात पाहिला नव्हता. सरांनी टेस्टचं नाव ठेवलं ‘मुखरक्षा’. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात सर सूक्ष्मदर्शकात बघत होते. या टेस्टमध्ये सूक्ष्मदर्शक लागत नाही, पण फोटोला बरा दिसतो.

मी तिथे पीएचडीची विद्यार्थिनी. वैजयंती ठवरे, वर्ष चौथं, गाईड सगदेव सर. म्हणजे माझा प्रबंध, माझी शिष्यवृत्ती, माझं लग्न, सगळं त्या एका आरएनएवर टांगलेलं. आणि आता मामाजींचा गालही त्याच्यावर टांगला गेला होता.

बर्फी वाटून मामाजी वणीला गेले. मी काझी मॅडमना फोन करून सांगितलं की रक्ताची टेस्ट क्लिअर आली. त्यांनी मला विचारलं की तुमची टेस्ट काय म्हणते ते राहू द्या, चट्टा अजून तिथेच आहे की गेला. मी म्हटलं तिथेच आहे. त्या म्हणाल्या, मग मला त्याचा तुकडा हवा आहे. त्यांनी फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. माझे वडील मी लहान असताना गेले. शाळेची फी, सायकल, कॉलेजचं होस्टेल, सगळं मामाजींनी पाहिलं. मी विज्ञानाकडे गेले तेही त्यांच्यामुळेच. या माणसाच्या गालात काही असेल आणि आमच्या कागदाने ते झाकलं असेल, तर मी कुठल्या तोंडाने जगणार होते?

मग मी आमच्याच नमुन्यांकडे परक्यासारखं पाहायला लागले. फ्रीझरमध्ये दोन रांगा होत्या. निरोगी माणसांचं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं रक्ताचं पाणी, गवती पिवळं. पेशंटचं सीरम गुलाबी, काही तर चक्क सरबतासारखं लाल. हे काही मी शोधून काढलं नव्हतं. सगळ्यांनी रोज पाहिलेलं होतं. त्यावर सरांचं उत्तरही तयार होतं, की कॅन्सरमध्ये लाल पेशी नाजूक होतात आणि फुटतात. त्यावर दुसरा पेपर लिहायचंही ठरलं होतं.

पण लाल पेशी फुटल्या की त्यांच्या पोटातलं सगळं सीरममध्ये उतरतं, आणि लाल पेशींच्या पोटात आमचा लाडका आरएनए खच्चून भरलेला असतो, हे तेव्हाही छापलेलं होतं. आमच्याच लॅबमध्ये त्या पेपरवर चर्चा झाली होती. समोसे मागवले होते. चर्चेतलं कुणाला काही आठवत नव्हतं, समोसे गार होते एवढं आठवत होतं.

आता प्रश्न असा, की फुटत कुठे होत्या? निरोगी माणसं म्हणजे आमच्या संस्थेतलीच पोरंपोरी. कॉरिडॉरमध्ये एक खुर्ची होती. तिथे बसवायचं, रक्त काढायचं आणि दहा पावलांवर मशीनमध्ये फिरवून सीरम वेगळं करायचं. पेशंटचं रक्त वणीला निघायचं. तिथलं फिरवायचं मशीन बंद पडलेलं, म्हणून नळ्या तशाच थर्मोकोलच्या डब्यात घालायच्या आणि नागपूरच्या एसटीत द्यायच्या. कंडक्टर भला माणूस होता. डबा सांडू नये म्हणून तो ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बोनेटवर ठेवायचा. खालून इंजिन तापलेलं, वरून ऊन, आणि मध्ये वणी ते नागपूर रस्ता. त्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. त्या रस्त्याने गेलेल्या माणसाचे मणके बोलतात.

निरोगी माणूस आणायला कुणी वणीला गेलं नाही. कोण जाईल? कॉरिडॉरमध्ये फुकट मिळत होते.

मी माझं स्वतःचं रक्त काढून घेतलं, एकाच वेळी, दोन नळ्यांत. एक तिथल्या तिथे फिरवली. दुसरी त्याच कंडक्टरच्या हाती देऊन वणीला पाठवली आणि परतीच्या फेरीत परत मागवली. दोन्हींवर मुखरक्षा केली. एका नळीप्रमाणे मी ठणठणीत होते. दुसरीप्रमाणे मला तोंडाचा कॅन्सर होता, तोही पुढच्या टप्प्यातला.

मी ते आलेख घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मी सगळं सांगितलं, बोनेटसकट. आपली टेस्ट कॅन्सर ओळखत नाही, प्रवास ओळखते, असं मी म्हणाले. सर शांत माणूस. ते कधी चिडायचे नाहीत, चिडायची वेळ ते दुसऱ्यावर आणायचे. म्हणाले की नमुना एकच आहे, एका नमुन्यावर दोनशे नमुन्यांचा निष्कर्ष मोडत नाही. दोन महिन्यांनी मोफत तपासणी शिबिर आहे, आमदारसाहेब येणार आहेत, त्यानंतर सवडीने बघू. मी उठले तेव्हा त्यांनी काळजीने एक सल्ला दिला.

“वैजयंती, तुमचा एक नमुना पॉझिटिव्ह आला आहे. तोंडाची तपासणी करून घ्या. दुर्लक्ष बरं नाही.”

मी दाराबाहेर येऊन हसले आणि मग रडले. नंतर तोंड धुऊन वणीची एसटी पकडली. सरांना पटवणं नंतर बघता आलं असतं, मामाजींचा चट्टा माझ्यासाठी थांबणार नव्हता.

मामाजी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांना सगळं फळ्यावर शिकवतात तसं समजावून सांगितलं. दोन नळ्या, बोनेट, लाल पेशी, माझा अर्धा-अर्धा कॅन्सर. ते अगदी मन लावून ऐकत होते. मधे दोन चांगले प्रश्नही विचारले. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी घसा साफ केला.

“प्रयोग छान आहे. पण नमुना किती? एक. तुझ्या सरांचे नमुने किती? दोनशे. मी पोरायले काय शिकवलं? पुरावा पाह्य, माणूस पाहू नको. तू माझी भाची आहे म्हणून मी तुझ्या बाजूनं जाऊ काय? विज्ञानात भावना नाई चालत, वैजू.”

म्हणजे सरांनी नागपुरात जे म्हटलं तेच मामाजींनी वणीत म्हटलं, फक्त वऱ्हाडीत. मला संताप आला. मी म्हटलं, मामाजी, चट्टा तर दिसून राहिला न, त्याला कशाला नमुना पाहिजे? ते उठून आत गेले.

स्वयंपाकघरात मामी पोळ्या लाटत होती. तिने हळूच सांगितलं की ते रात्री झोपत नाहीत. उठून आरशापुढे उभे राहतात, टॉर्च तोंडात घालून. त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या जबड्याला चाकू लागला आणि तो चार महिन्यांत गेला, तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं आहे की चाकू लागला की कॅन्सर पसरतो. हे ते कुणाला सांगत नाहीत, कारण विज्ञानाच्या शिक्षकाने असं म्हणायचं कसं? मग त्यांना आमचा कागद मिळाला. कागदावर क्लिअर लिहिलं होतं, खाली डॉक्टरेटवाल्या माणसाची सही होती. चाकूला घाबरलेल्या माणसाला विज्ञानानेच लपायला जागा करून दिली होती.

तिथे पोळीवर तूप लावता लावता माझ्या लक्षात आलं की मामाजींना समजावून काही होणार नाही. त्यांना समजलेलं होतं. त्यांना रिपोर्ट लागत होता.

मग मी जे केलं ते अगदी नियमाला धरून केलं. आमच्या संशोधनात आधी रक्त दिलेल्या माणसांचं रक्त पुन्हा तपासायची सोय होती. मी मामाजींना म्हटलं की ठीक आहे, तुम्ही म्हणता तर नमुने वाढवू, तुमचं रक्त आणखी एकदा देता का? ते खूश झाले. भाची वळणावर आली असं त्यांना वाटलं. फक्त या वेळी नागपूरला यायची गरज नाही, इथल्याच रुग्णालयात द्या, नेहमीच्या डब्यातून येऊन जाईल. त्यांनी सही केली, दंड पुढे केला. सिस्टरने नळी डब्यात ठेवली, डबा कंडक्टरने घेतला, बोनेटवर ठेवला. मी त्याच बसमध्ये मागच्या सीटवर होते. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं टपाला लागत होतं आणि मी मनात म्हणत होते, अजून एक, अजून एक.

नागपुरात मी त्या नळीला हातही लावला नाही. चिठ्ठी बघून मशीन चालवणारा मुलगा वेगळा, निकाल वाचणारी मुलगी वेगळी, सही सरांची. सीरम जास्वंदीसारखं लाल होतं. रिपोर्ट आला ‘हाय रिस्क’. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. संस्थेच्या पद्धतीत तसूभर बदल केला नव्हता. मुखरक्षा टेस्टने तिच्या आयुष्यातलं एकमेव चांगलं काम त्या दिवशी केलं, आणि तेही चुकून.

मी रिपोर्ट घेऊन वणीला गेले. मामाजींनी तो दोनदा वाचला. खिशातली पन्नी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. मामी दारात उभी होती, तिच्या हाताला पीठ तसंच होतं. मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता, तरी मी बघत होते, कारण नजर वळवली असती तर मी खरं बोलून बसले असते.

“आता प्रश्नच नाई,” ते म्हणाले. “विज्ञान म्हणते तर जा लागन. त्या काझीबाईले फोन लाव.”

काझी मॅडमनी तुकडा काढला. आठवड्याने निकाल आला. कॅन्सर होता. लहान होता, मानेच्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. मॅडम म्हणाल्या की आणखी सहा महिने गेले असते तर त्या हे वाक्य बोलल्या नसत्या. मामाजींच्या डाव्या गालाचा आतला भाग, काही दाढा आणि जबड्याची एक कड काढली. मांडीची कातडी काढून गालात लावली. ऑपरेशन थिएटरबाहेर मामीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. मी तिला म्हटलं होतं की सगळं बरं होईल, आणि मला त्याचा काहीही पुरावा नव्हता.

मामाजी वाचले. नाकात नळी, तोंडाला पट्ट्या, बोलायची बंदी. मामीने शेजारच्या पोरीची पाटी आणून दिली, तिच्यावर ते लिहायचे. आणि चौथ्या दिवशी वॉर्डात सगदेव सर आले. हातात पुष्पगुच्छ, मागे फोटोवाला. सरांचा चेहरा उजळलेला होता. दोनशे पेशंटमध्ये पहिला असा, ज्याला आधी टेस्टने पकडलं आणि मग तुकड्याने सिद्ध केलं. शिबिराच्या तोंडावर असा माणूस मिळणं म्हणजे लॉटरी. सरांनी मामाजींना सांगितलं की शिबिराला तुम्ही व्यासपीठावर बसायचं, नुसतं बसलात तरी पुरे. फोटोवाल्याने त्यांना जरा हसायला सांगितलं. टाके पाहून त्यानेच मग ते मागे घेतलं.

मामाजींनी पाटी ओढली आणि लिहिलं: पहिला रिपोर्ट का चुकला?

शिक्षक तो शिक्षक. सर जराही अडखळले नाहीत. म्हणाले की चुकला नाही, त्या वेळी आजार झालेलाच नव्हता, नंतर झाला आणि आपल्या टेस्टने तो लगेच टिपला. मामाजींनी लिहिलं: चट्टा दोन वर्षांचा आहे. सरांनी घड्याळ पाहिलं, आमदारसाहेबांची वेळ झाल्याचं सांगितलं आणि गुच्छ मामीच्या मांडीवर ठेवून गेले.

मामाजींनी पाटी माझ्याकडे वळवली. प्रश्न तोच होता, पुसलेला नव्हता. मी तरी किती वेळ छताकडे बघणार? सांगून टाकलं. पहिलं रक्त खुर्चीत काढलं होतं. दुसरं मी मुद्दाम बसने आणलं. तुमच्या गालात दोन्ही वेळा तेच होतं. टेस्टला ना पहिल्यांदा काही कळलं ना दुसऱ्यांदा. मी तुम्हाला घाबरवायला तिचा उपयोग केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

त्यांनी पाटी पुसली. एकच शब्द लिहिला: खोटारडी. मग भिंतीकडे तोंड केलं.

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आधी बोलता येत नव्हतं, नंतर येत होतं तरी नाही. मामीशी बोलायचे, अडखळत, अर्ध्या तोंडाने. सिस्टरशी, न्हाव्याशी, भाजीवाल्याशी सुद्धा. मी खोलीत गेले की गप्प. मला ते फार लागलं. ज्या माणसाने मला विज्ञान दिलं त्याला मी विज्ञानाच्याच नावाने फसवलं होतं, हे त्यांच्या बाजूने खरंच होतं. माझ्या बाजूने एवढंच होतं की ते जिवंत होते आणि माझ्यावर रागावू शकत होते. मग मामीकडून कळलं की त्यांनी सरांना फोन करून शिबिराला येतो म्हणून कळवलं आहे, आणि दोन शब्द बोलतोही म्हणाले. सर गहिवरले म्हणे.

शिबिराची मला धास्ती होती. रक्त नागपुरात, आमच्याच संस्थेच्या सभागृहात, खुर्चीवर बसवून काढणार होते. ताजं. पाच मिनिटांत मशीनमध्ये. म्हणजे येईल तो माणूस क्लिअर. पांढरे चट्टे, लाल चट्टे, बोटभर उघडणारी तोंडं, सगळी क्लिअर. आणि व्यासपीठावर माझे मामाजी, या टेस्टने वाचलेले. ते कौतुकाची दोन वाक्यं बोलले असते तर त्या गर्दीतली निम्मी माणसं निश्चिंत होऊन घरी गेली असती. मी सरांना पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी काझी मॅडमना एक टेबल द्यायचं तेवढं मान्य केलं, चपला काढतात त्या कोपऱ्यात.

सभागृह गच्च भरलं. आमदारसाहेब आले, त्यांच्या गालात काहीतरी होतं, ते त्यांनी दीपप्रज्वलनाआधी बाहेर जाऊन थुंकलं. सर चाळीस मिनिटं बोलले. छोट्या आरएनएने भारताची मान जगात कशी उंचावली वगैरे. मग त्यांनी मामाजींचा परिचय करून दिला, मुखरक्षेचा पहिला वाचलेला जीव. टाळ्या पडल्या. मामाजी उठले. डावा गाल आत ओढलेला, जबडा एका बाजूला कललेला. माईक धरायला त्यांनी दोन्ही हात लावले.

“मी विज्ञानाचा मास्तर,” ते म्हणाले. ओठ नीट मिटत नव्हते, म फुटत होता, तरी आवाज वर्गातलाच होता. “माझं रक्त इथं खुर्चीवर काढलं. रिपोर्ट आला क्लिअर. मी बर्फी वाटली. मग तेच रक्त वणीहून एसटीनं आलं. रिपोर्ट आला कॅन्सर. माझ्या गालात दोन्ही वेळा कॅन्सरच होता. म्हणजे या टेस्टले कॅन्सर नाई समजत. रस्ता समजते.”

लोक आधी हसले. मग हसू विरलं. सर उठून माईककडे यायला लागले आणि मामाजींनी हात वर केला. बत्तीस वर्षं वर्ग गप्प केलेला हात होता तो, सर जागच्या जागी थांबले.

“क्लिअर रिपोर्ट घेऊन मी चार दिवस ज्यादा खर्रा खाल्ला. मले आवडलं होतं ते. तुमालेही आवडन. म्हणून सांगतो, आज कोणी रक्त देऊ नका. त्या कोपऱ्यात चपलाजवळ एक बाई बसली आहे. तिच्यापाशी जा आणि तोंड उघडा. ती चाकू लावते म्हणन तर लावू द्या. माझ्याकडे पाहून घ्या. मी बेकार दिसतो. पण दिसतो.”

ते खाली बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतला पागोटंवाला एक म्हातारा उठला आणि चपलांच्या दिशेने चालायला लागला. त्याच्यामागे दोन बाया. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज सगळीकडून यायला लागला. काझी मॅडमनी टॉर्च काढला आणि मान वर न करता पहिल्या माणसाला म्हणाल्या, मोठं उघडा. त्या दिवशी त्यांनी तिघांना लगेच रुग्णालयात पाठवलं. आमदारसाहेबांना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली.

सर नंतर संचालक झाले, ते व्हायचेच होते. माझी पीएचडी दुसऱ्या गावात, दुसऱ्या गाईडकडे, तीन वर्षं उशिरा झाली. पण ते सगळं पुढचं. तेव्हा मी व्यासपीठाच्या पायरीशी उभी होते, वर जायची हिंमत होत नव्हती. मामाजीच हळूहळू खाली आले. माझ्यासमोर थांबले. गर्दीकडे बघत, माझ्याकडे न बघता, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळा भार टाकला. ऑपरेशनपासून ते किती हलके झाले होते ते मला तेव्हा कळलं.

“चल, वैजू. घरी नेऊन दे,” ते म्हणाले. “पण एसटीनं नको. पुन्हा कॅन्सर निघन.”